अर्धं खोबरेल, अर्धं तिळाचं

माझ्या डोक्यावर एके काळी दोन राज्यं नांदत होती. भांग ही सरहद्द. भांगाच्या डावीकडे खोबरेल, उजवीकडे तिळाचं तेल. दोन्हीकडे ब्राह्मी तीच, माका तोच, जास्वंदीची फुलं एकाच झाडाची. पण ती कुठल्या तेलात उकळायची यावरून जे युद्ध पेटलं होतं, ते माझ्या टाळूवर लढलं जात होतं. रविवारी सकाळी दोन बायका माझ्या मागे दोन बाजूंना बसायच्या आणि आपापल्या मुलखात बोटं चालवायच्या. एकीचा हात चुकून दुसरीच्या हद्दीत गेला, तर झटका माझ्या मानेला बसायचा.

पण मी शेवटाकडून सुरुवात करते आहे. ही माझी जुनी खोड. सासूबाई म्हणायच्या, "हिला गोष्ट सांगायला लावू नका, ही आधी वरात काढते आणि मग मुलगी बघायला जाते." तर मग मुलगी बघण्यापासूनच सांगते.

मला बघायला आले तेव्हा माझ्या आत्याने पोह्यांच्या बशा फिरवत माझी जाहिरात चालवली होती. मुलगी सुगरण आहे, पोहे तिनेच केलेत, वगैरे. सासूबाईंनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि बशी पुढे करायच्या निमित्ताने कानाशी येऊन म्हणाल्या, "मीठ विसरलीस. मी कुणाला सांगत नाही, तूही सांगू नकोस." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "वा, काय चव आहे" म्हणत त्यांनी पूर्ण बशी संपवली. मुलगा कोपऱ्यात बसला होता. बरा होता. पण माझा होकार त्या बशीला होता.

सासर गिरगावातल्या चाळीत. एक खोली, पुढे गॅलरी आणि मजल्याला एक नळ. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण तीसएक वर्षं त्या नळावर राज्य केलेल्या. राज्य म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं शेजारच्या खोलीतल्या बाईंकडे होतं. त्या दोघींचं भांडण रोज सकाळी नळाला पाणी आलं की सुरू व्हायचं आणि पाणी गेलं की थांबायचं. विषय कुठलाही चालायचा: कुणाच्या साडीचं पाणी कुणाच्या पापडांवर ठिबकलं, कुणाच्या मांजरीने कुणाच्या दुधाकडे कोणत्या नजरेनं बघितलं. नियम मात्र कडक होते. माहेर काढायचं नाही, मुलांवरून बोलायचं नाही आणि दुसरी आजारी असली तर भांडण तिच्या खोलीत जाऊन, तिला पेज भरवता भरवता करायचं. नवी नवरी म्हणून मी पहिल्या दिवशी घाबरले होते. महिनाभरात मी माझा चहा त्या वेळेला घेऊन गॅलरीत बसायला लागले. एवढं चांगलं नाटक फुकटात कुठे मिळतं?

मग नवऱ्याला तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि वाशीच्या नव्या वसाहतीत घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. खाडीपुलाच्या मुंबईकडचे लोक आम्हाला विचारत, "तिकडे रात्री कोल्हे ओरडतात म्हणे?" ओरडायचे. आमची इमारत, शेजारची इमारत आणि मग नुसतं गवत. मार्केटच्या बाजूने वारा आला की घरभर कांद्याचा वास, तुर्भ्याच्या बाजूने आला की भांड्यांवर धूळ. मला सगळं आवडलं. स्वतःचं दार, स्वतःची कडी, आणि स्वयंपाकघरात स्वतःचा नळ.

त्या नळानेच घात केला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सासूबाई नव्या घरात हळूहळू विझत गेल्या. भांडणं नाहीत, टोमणे नाहीत. काही विचारलं तर "हं", काही दिलं तर "असू दे". दुपारभर बाल्कनीत बसून गवताकडे बघायच्या. जेवण कमी झालं, झोप तर जवळजवळ गेलीच. मी पहिल्यांदा खरी घाबरले ती आमटीच्या दिवशी. मला संशय आला होता म्हणून मी मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं. सासरे पहिल्याच घासाला ठसकले. नवऱ्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सासूबाई भात कालवून, शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत जेवल्या आणि हात धुवायला उठल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईने परक्या घरात पोह्यातलं मीठ पकडलं, तिला आता समुद्र वाढला तरी चालणार होता.

त्या काळी मन उदास आहे असं कुणी म्हणत नसे. निदान आमच्यात नाही. मनाला काही झालं की ती "उष्णता" असायची. झोप नाही, उष्णता. जेवण नाही, पित्त. गप्प बसते, डोक्यात उष्णता गेली. मग उपाय सगळे थंड करण्याचे. नातेवाइकांना नुसता वास लागायचा अवकाश, डबे आणि बाटल्या पूल ओलांडून यायला लागल्या. कुणी मोरावळा पाठवला, कुणी गुलकंद. नणंदेने दुधातून घ्यायला अश्वगंधेचं चूर्ण दिलं. चुलतसासऱ्यांनी शंखपुष्पीच्या सरबताची बाटली स्वतः आणून दिली आणि अर्धी स्वतःच पिऊन गेले, त्यांना म्हणे ऑफिसचं टेन्शन होतं. रात्री जायफळ उगाळून, सकाळी चंदनाचा लेप. आमच्या घराला देवळाच्या गाभाऱ्यासारखा वास येऊ लागला आणि मधोमध सासूबाई, मूर्तीसारख्याच गप्प.

शेवटी सासऱ्यांनी त्यांना गिरगावातल्या जुन्या वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी नाडी बघितली, ब्राह्मीचा काढा दिला आणि पथ्य सांगितलं. तिखट नाही, आंबट नाही, उन्हात जायचं नाही. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाले, मोठ्याने बोलायचं नाही, वाद घालायचा नाही आणि घरातल्यांनीही त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मेंदूला पूर्ण शांतता हवी.

आणि आम्ही ते पाळलं. केवढं पाळलं. सासरे रेडिओ कमी आवाजात लावू लागले. नवरा घरात कुजबुजायला लागला. मी भांडी घासतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. ज्या बाईला गप्प बसण्याचा आजार झाला होता, तिला आम्ही सगळे मिळून शांततेचा डोस पाजत होतो, दिवसातून तीनदा, जेवणाआधी.

संक्रांतीनंतर मी त्यांना चाळीत हळदीकुंकवाला घेऊन गेले. मला वाटलं, जुनी माणसं भेटतील, खुलतील. जिना चढताना त्या खरंच भराभर चढल्या. गॅलरीत पोचलो आणि त्या थांबल्या. शेजारच्या खोलीला कुलूप होतं. त्या बाईंना त्यांच्या मुलीने कायमचं नाशिकला नेलं होतं. सासूबाईंनी कुलपाला हात लावून बघितलं, खरंच आहे का ते. मग आमच्या स्वतःच्या खोलीचं दार उघडून, न बसताच, परत लावलं. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. पूल आल्यावर म्हणाल्या, "तिनं सांगितलंसुद्धा नाही." तेवढंच.

चाळीतली आमची खोली अजून सोडलेली नव्हती. तिची किल्ली वाशीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. मालक विचारत होता, राहणार आहात की सोडताय? त्या रात्री जेवताना सासरे म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघू. तोवर हिला इथे करमलं नाही, तर आम्ही दोघं परत जाऊ."

लोकांना वाटतं, सुनेला आणखी काय हवं असतं. दोन खोल्यांचं घर, राजाराणीचा संसार. मला मात्र ती किल्ली बघवेना. मला दिसत होतं, तिथे परत जाऊन त्या काय बघणार: गवताऐवजी कुलूप. आणि इथे मी, स्वतःच्या हाताची आमटी एकटीच चाखत, कुणीही नाव न ठेवणारी. पाडवा दीडएक महिन्यावर आला होता.

आता समोरच्या बाईंचा प्रवेश. आमच्या दारासमोर, जिन्याच्या चौकोनापलीकडे, परभणीकडचं कुटुंब राहायचं. साहेब सरकारी कचेरीत, मुलं कॉलेजात, आणि बाई सासूबाईंच्याच वयाच्या, ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धाची शांत मूर्ती दिसायची, आणि बाई मात्र त्या मूर्तीच्या बरोबर उलट. मी जिन्यात त्यांच्याजवळ मन मोकळं केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाटली घेऊन आल्या.

"ताई, हे ब्राह्मीचं तेल. म्या सोता केलंय. रोज डोक्याला चोळा. डोस्कं हलकं व्हतंय, झोप लागतीय, मनाला बरं वाटतंय. माझ्या जावंला दिलं व्हतं, ती आता दिवसभर गानी म्हनायलीय."

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे "असू दे" म्हणण्यासाठी हात पुढे केला. बूच उघडं होतं. वास आला. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. पाठ सरळ झाली.

"हे तिळाचं तेल आहे," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय की. तिळाचंच."

"डोक्याला? तिळाचं?"

कित्येक आठवड्यांतलं ते पहिलं वाक्य ज्याला शेवटी प्रश्नचिन्ह होतं. समोरच्या बाईंना ह्याची काय कल्पना. त्या म्हणाल्या, "मग काय लावत्यात? आमच्याकडं समदे तिळाचंच लावत्यात."

"अहो बाई, तिळाचं तेल गरम. ते थंडीत सांध्यांना चोळतात. डोक्याला खोबरेल. ब्राह्मी खोबरेलातच उकळायची असते."

"खोबरेल थंडीत गोठतंय. डोक्यावर काय दगड ठिवायचाय?"

"गोठतं म्हणून तर थंड असतं ते."

आतून सासरे धावत आले. "पथ्य, पथ्य," ते हलक्या आवाजात म्हणाले, आग लागल्यासारखे हात हलवत. नवरा मागून आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, आईला त्रास होतोय."

"त्यांना त्रास होत नाहीये," मी म्हटलं, "त्या त्रास देतायत. मधे पडलास तर बघ."

समोरच्या बाई बाटली तिथेच ठेवून तणतणत गेल्या. सासूबाई ती हातात घेऊन बराच वेळ वास घेत बसल्या, एखादा पुरावा तपासावा तशा. संध्याकाळी जेवताना त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." त्या दिवशी आमटीत मीठ अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, "हो आई, चुकलंच." आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी हुकूम सोडला: ब्राह्मी पाहिजे. ताजी. मी खोबरेलातलं खरं तेल करून त्या बाईच्या हातावर ठेवणार आहे.

आमच्याकडे खाडीलगतच्या गावातली एक म्हातारी आगरीण भाजी घेऊन यायची. तिला सांगितलं तर ती तळ्याच्या काठचा ओला पाला टोपलीभर घेऊन आली, मुळांना चिखल तसाच. हसत हसत जिन्यात बसली. "यो पाला कशाला गो बाय? आमचे म्हशी खातान यो."

"डोक्याला टेन्शन आलं की ह्याचं तेल लावतात, आजी," मी म्हटलं.

ती थोडा विचार करून म्हणाली, "खरा हाय. म्हशीला टेन्शन आलेला कवा बगलेला नाय."

समोरचं दार उघडलं. समोरच्या बाईंनी टोपलीकडे बघितलं. "मला बी द्या त्यातली अर्धी," त्या म्हणाल्या. "ताजं तेल करायचंय. मागलं तेल यांना पटलं न्हाई."

झालं. माझ्या मनासारखं नाटक जमून आलं. तेल उकळायला लागलं की घरभर असा उग्र दर्प सुटतो की दोन्ही घरच्या पुरुषांनी हात टेकले. मी मध्यस्थी करून सुचवलं, दोन्ही स्टोव्ह बाहेर जिन्यात मांडा. दोन दारांच्या मधला तो चौकोन, एका बाजूला सासूबाईंचा पाट, दुसऱ्या बाजूला समोरच्या बाईंचा. दोन रॉकेलचे स्टोव्ह, दोन कढया. पाला पाट्यावर वाटायचा, फडक्यातून रस पिळायचा, तेलात घालायचा आणि मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळत बसायचं. घाई केली तर जळतं. म्हणजे बसणं आलं. बसणं आलं म्हणजे बोलणं आलं.

"तुमचं फेसाळायलंय, ताई."

"खोबरेल फेसाळतंच. तुमचं काळं पडलंय ते बघा."

"तीळच काळे होते. तुमचं डोस्कं पांढरं झालंय त्याला म्या काय करू?"

वरच्या मजल्यावरच्या लोकांना कढयांमधून पाय टाकत जावं लागायचं. जाताना प्रत्येकजण थांबायचा, एक सल्ला द्यायचा आणि दोघींच्याही शिव्या खायचा. माक्याच्या रसाने दोघींची बोटं काळीनिळी झाली होती. तेल झालं की नाही बघायला कापसाची वात बुडवून पेटवायची. तडतडली तर आत पाणी आहे. सासूबाईंची तडतडली. समोरच्या बाई नुसत्या हसल्या. सासूबाईंनी त्या हसण्यावर पाऊण तास घालवला.

एवढ्यावर संपलं असतं, पण आता निकाल लावायचा होता. कुणाचं तेल मन शांत करतं? सासूबाई मेल्या तरी तिळाचं लावणार नव्हत्या, समोरच्या बाईंना खोबरेलाचा वास आला तरी शिंक यायची. तटस्थ डोकं हवं होतं. माझ्या नवऱ्याचे केस तेव्हाच मागे हटायला लागले होते. सासऱ्यांच्या डोक्याकडे बघून समोरच्या बाई म्हणाल्या, "भाऊंच्या डोक्यावर तेल थांबायचंच न्हाई, घसरतंय."

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

मी त्या वेळी तुर्भ्याच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. माझे केस कमरेपर्यंत होते आणि माझ्या साहेबांचा आवाज त्याहून लांब. ट्रकच्या धुळीतून चालत घरी येईपर्यंत डोक्यात मशीन खडखडत असायचं. म्हणजे उपचाराला लागेल तेवढं टेन्शन माझ्याजवळ तयार होतं. पहिल्या रविवारी त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसवलं, भांग पाडला आणि मुलूख वाटून घेतले. चार हात, वीस बोटं. सासूबाईंची पद्धत बोटांच्या टोकांनी हळूहळू थोपटायची, समोरच्या बाईंची पद्धत पीठ मळावं तशी. माझं डोकं एकीकडे अंगाई ऐकत होतं आणि दुसरीकडे भाकरी होत होतं.

"कुठली बाजू हलकी वाटायलीय?"

"सांग, घाबरू नकोस. डावी ना?"

मी डोळे मिटून म्हणायचे, "अजून नीट कळत नाहीये. पुढच्या रविवारी बघू." मला ठाऊक होतं, ज्या दिवशी मी निकाल देईन त्या दिवशी जिन्यातले पाट उचलले जातील. मी एवढी बिनडोक नव्हते. अर्ध्या खोबरेल, अर्ध्या तिळाच्या डोक्याने मी सोमवारी कामावर जायचे. माझ्या डावीकडे बसणारीला सकाळपासून ओल्या नारळाच्या वड्या आठवायच्या आणि उजवीकडच्याला तिळगूळ.

एका रविवारी मात्र माझंच बिनसलं. आदल्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर नको ते बोलले होते. मी घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तेल डोक्यात जिरायला लागलं, बोटं मानेपर्यंत आली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. का ते माझं मलाच सांगता आलं नसतं. मागे दोघींचं भांडण थांबलं. हात थांबले नाहीत. कुणी विचारलं नाही, काय झालं, कोण बोललं. बराच वेळ नुसतं चोळत राहिल्या. मग सासूबाई हलकेच म्हणाल्या, "खोबरेलाच्या बाजूनं मोकळी झाली."

"दोनी डोळ्यांतनं पानी आलंय, ताई," समोरच्या बाई म्हणाल्या. "नीट बगा."

मी रडता रडता हसले, आणि हसताना डोळ्यात तेल गेलं, म्हणून पुन्हा रडले. त्या दुपारी मी अशी झोपले की चहाला उठवलं तरी उठले नाही. ब्राह्मीने की वीस बोटांनी, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पाला म्हशी खातात, एवढं नक्की.

सासूबाई आता जेवत होत्या. रात्री झोपत होत्या, कारण सकाळी लवकर उठून समोरचं दार उघडायच्या आत जिन्यातली चांगली जागा धरायची असायची. गिरगावची एक आतेनणंद भेटायला आली होती. चहा पिता पिता तिने समोरच्या दाराकडे बघत, डोळे बारीक करून, त्या विशिष्ट सुरात विचारलं, "समोर कोण लोक राहतात गं, वहिनी?" तो सूर आम्हा सगळ्यांना कळला. सासूबाईंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "तिळाचं तेल लावणारे. वाईट खोड आहे, पण माणसं माझ्या आवडीची आहेत. तू आणखी काही विचारणार होतीस का?" आतेनणंद आणखी काही विचारणार नव्हती.

तरी किल्ली खिळ्यालाच होती. सासरे जुन्या वळणाचे. शब्द दिला होता पाडव्याचा, तर पाडव्याशिवाय विषय काढणार नाहीत. आणि सासूबाईंच्या मनात काय आहे ते त्या बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या. भांडणात सगळं बोलायच्या, पण मनातलं तेवढं पाठीमागे ठेवायच्या. एकदा दुपारी त्या किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या मला दिसल्या. मला बघून ती त्यांनी पदराने पुसली आणि परत टांगली, जणू धूळच पुसायला आल्या होत्या.

पाडव्याला अभ्यंगस्नान असतं. म्हणून सकाळीच मला पायरीवर बसवलं गेलं. आमच्या बाल्कनीत गुढी उभी होती, ताटलीत कडुलिंबाची पानं, गूळ. समोरच्या बाई बाटली घेऊन बाहेर आल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे पाडवा नसतो ना? आज सुट्टी घ्यायचीत."

"पाडव्याचं मला काई न्हाई. माझी बाजू ऱ्हायलीय मागल्या आइतवारची."

भांग पडला. चार हात चालू झाले. दोघींचं आज वाळ्यावरून जुंपलं होतं, तेलात वाळा घालावा की घालू नये. एवढ्यात सासरे धोतर नेसून, कोट घालून बाहेर आले. हातात किल्ली.

"अगं," ते म्हणाले, "आज पाडवा. मालकाला काय सांगू?"

माझ्या डोक्यावरचे डावीकडचे हात थांबले. उजवीकडचेही थांबले. समोरच्या बाईंना किल्लीचं सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. जिन्यात फक्त वरच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू येत होता. मी मान वळवून बघू शकत नव्हते, केस दोघींच्या मुठीत होते. मला फक्त सासऱ्यांचे बूट दिसत होते.

"काय सांगायचं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "देऊन या किल्ली. आणि येताना भुलेश्वरला उतरून जटामांसी आणा. नीट बघून आणा, वाळलेली. इथल्या दुकानातली ओलसर असते, तेल बिघडतं."

सासरे एक पायरी उतरले. मग म्हणाले, "किती आणू?"

"दोघींना पुरेल एवढी. नाहीतर ही माझ्यातली मागत बसेल."

"भाऊ," समोरच्या बाई म्हणाल्या, "तिकडं चांगले तीळ मिळत असले तर ते बी आना."

"तीळ आणलेत तर घरात घेणार नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि डावीकडचे हात पुन्हा चालू झाले, नेहमीपेक्षा जरा जोरात.

संध्याकाळी सासरे परत आले. खिळा रिकामा राहिला. पिशवीत जटामांसीच्या दोन पुड्या होत्या आणि खाली, कागदात गुंडाळून, तीळ. सासूबाईंनी पुडी उघडून बघितली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "खवट आहेत. मी तिला देऊन येते, म्हणजे तिला कळेल." त्या पुडी घेऊन समोर गेल्या आणि जेवणाच्या वेळेला मला बोलवायला जावं लागलं.